कवड्या खंड्याला गोरं केलं

इब्राहीमभाई चिडले की राजुऱ्याच्या बाजारातली कुत्रीसुद्धा रस्ता बदलतात. आज तर ते सहा फुटी फ्लेक्स गुंडाळून काखेत मारून निघाले होते. सकाळचे साडेनऊ वाजले होते. अकराला सभागृहात पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन उघडायचं होतं, आणि त्यांच्या खंड्याचा खून झाला होता.

खुनी होता विक्की फ्लेक्सवाला.

इब्राहीमभाईंनी पंचवीस वर्षं लग्नांचे फोटो काढले. ‘थोडं हसा’ असं हजारो नवरदेवांना सांगितलं, आणि त्यातल्या कित्येकांचं ते शेवटचं हसू ठरलं. स्वतःसाठी काढलेला फोटो मात्र एकच. ऑगस्टातल्या मळकट, सपाट उजेडात वर्धा नदीतल्या काळ्या खडकावर काळा-पांढरा कवड्या खंड्या बसला होता. असा अंधारा खडक समोर आला की कॅमेरा घाबरतो, सगळंच उजळ करून टाकतो, आणि पक्ष्याची पांढरी छाती चुन्याचा गोळा होते. म्हणून भाईंनी उजेड मुद्दाम कमी धरला. दीड तास ते पोटावर चिखलात पडून राहिले. पोट मोठं, त्यामुळे निम्मा चिखल त्यांनीच अडवला. शेवटी पक्ष्याने मान वळवली, काळ्या डोळ्यात आभाळाचा एक ठिपका उतरला आणि भाईंनी बटण दाबलं. छातीवरचं पीस न् पीस दिसत होतं.

“हे काय केलं बे?” त्यांनी फ्लेक्स विक्कीच्या काउंटरवर आपटला.

“चाचा, फोटो लय डल होता. मी थोडा ब्राइट मारला. पाहा, कसा चमकून राह्यला!”

“चमकून राह्यला? खडकाचं सिमेंट केलं तू! आन् हा पक्षी होय का धोब्याकडचा रुमाल? पिसं कुठी गेली त्याची?”

“माह्यावर काऊन भडकता?” विक्कीनेही आवाज चढवला. दुकान टाकण्याआधी दहा वर्षं त्याने भाईंच्याच स्टुडिओत माउस फिरवला होता. “‘विक्की, नवरीले गोरी कर, घरचे खूश होते.’ कोन म्हने? आख्खा तालुका गोरा केला तुमी, आन् एक पाखरू मी केलं तं खून?”

याला भाईंकडे चोख उत्तर होतं, पण बाकावर बसलेल्या इंदुताईंसमोर देण्यासारखं नव्हतं. ते चरफडत फ्लेक्स पुन्हा गुंडाळू लागले.

इंदुताई गावाकडून आल्या होत्या. नवऱ्याला, मुखरूला, जाऊन आज वर्ष झालं. दुपारच्या कार्यक्रमासाठी त्याचा मोठा फोटो हवा होता, आणि परतीची एसटी अकरालाच होती. हातातली तसबीर त्यांनी पुढे केली. मुलीच्या, करिष्माच्या लग्नातला फोटो, भाईंनीच काढलेला.

“इब्राहीमभाऊ, गोरा कराच्या आधीचा याचा फोटो हाय का जी?”

भाईंनी पाहिलं. गुळगुळीत, गुलाबी, पिठात घोळलेला कुणीतरी माणूस होता.

“सालभर रोज हार घालून राह्यली,” इंदुताई म्हणाल्या, “पन मले वाट्टे, दुसऱ्याच बाईच्या नवऱ्याले घालून राह्यली. माहा मानूस काळा होता. धानाचा रोवना करून आला का घामानं पाठ चमके त्याची. हा साहेब कोनाचा होय, मले मालूम नाई.”

“मंग तवाच काऊन नाई सांगितलं, ताई?” भाई चिडूनच म्हणाले.

“तवा तुमीच म्हनले, मस्त आला.”

भाई लाल झाले. कानही लाल झाले. या रागाला आपटायला काउंटरवर जागा नव्हती. ते ताडताड समोरच्या स्टुडिओत गेले, कपाटातून जुनी हार्डडिस्क काढली, तिला, कॅमेऱ्याला आणि स्वतःच्या पंचवीस वर्षांना क्रमाने शिव्या घातल्या आणि मुखरूचा मूळ फोटो घेऊन परतले.

“चाचा, अकराच्या आत एकच निघन,” विक्की म्हणाला. “पक्षी का मानूस?”

“मानूस! आन् त्या ब्राइटच्या बटनाले बोट लावलं तं बोट कापीन!”

फ्लेक्स सरकत सरकत बाहेर आला. काळाभोर मुखरू, मांडवाच्या काळपट कनातीसमोर, पांढऱ्या सदऱ्याची घडी न् घडी दिसणारा. सभागृहात तोवर खंड्याच्या नावाच्या पाटीवरची भिंत रिकामीच होती, आणि भाईंचा फोन कोकलत होता. त्यांनी तो बंद केला.

इंदुताईंनी पदराचं टोक पुढे नेलं आणि मुखरूच्या कपाळावरून फिरवलं.

“पुसू नका, ताई,” भाई खेकसले. “शाई वली हाय.”

“शाई नाई जी,” त्या म्हणाल्या. “घाम हाय त्याचा.”