मिठूला दहापैकी दोन

आमच्या मोठ्या ताईचा मुलगा लहानपणी रडायचा तोसुद्धा सुरात. इतका लाघवी, की आम्ही त्याला मिठू म्हणायला लागलो. आता दाढी पिकायला आली तरी बिचारा मिठूच आहे.

मिठू गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक होता. काळेकुट्ट हात घेऊन घरी यायचा आणि ते घासताना शीळ घालायचा. मग साहेबांना शोध लागला, की हा गोड बोलतो. झालं! अंगात पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि रवानगी थेट बाहेरच्या काउंटरवर. ताईने गल्लीभर सांगितलं. मिठूची शीळ मात्र बंद झाली.

काउंटरवर त्याला काम एकच. गिऱ्हाईक विचारणार, "गाडी संध्याकाळपर्यंत मिळेल ना?" आणि हा म्हणणार, "होऊन जाईल." गाडीला अजून कुणी हात लावलेला नसतो, पार्ट आलेला नसतो, सगळं माहीत असतं त्याला. पण खरं सांगायची सोय नाही. आमच्याकडे तर त्या शब्दाचा अर्थच बदललाय. नवऱ्याला म्हटलं "पंखा पुसाल का?" आणि तो "होऊन जाईल" म्हणाला, की मी मुकाट्याने स्टूल ओढते.

माझी गाडी उजवीकडे वळताना कुईकुई करते. मिठूच्याच सेंटरला सर्व्हिसिंगला देते, दर वेळी सांगते, दर वेळी गाडी धुऊन, सुवास मारून, पायाखाली कोरा कागद अंथरून परत देतात. कुईकुई तशीच! दुसरीकडे न्यावी तर म्हणे वॉरंटी जाईल. म्हणजे यांच्याच दारात मरायचं.

गेल्या खेपेला अशीच सोफ्यावर बसले होते. चावी त्यांच्याकडे, त्यामुळे जाता येत नाही. टीव्ही आहे पण मुका. कॉफीचं मशीन नुसतं गरम पाणी सोडतं. काचेपलीकडे माझी गाडी वर टांगलेली, मी इकडे खाली. तेवढ्यात मिठू आला आणि शेजारी टेकला.

"मावशी, उद्या तुला फोन येईल. कामावर खूश आहात का, दहापैकी गुण द्या, म्हणतील."

"दहा देते की. घरचा माणूस तू."

"दोन दे."

"काय?"

"हळू बोल ना! दोन दे. आतला मेकॅनिक सोडून चाललाय. साहेब मला म्हणाले, एका जरी गिऱ्हाइकाने कमी गुण दिले तर परत आत पाठवीन. दम देत होते गं ते! मला आनंदाने रात्रभर झोप नाही."

"मग कुणाशी तरी वाकडं बोल की."

"बोललो! परवा एकावर खेकसलो, की तुमची गाडी आज काही होत नाही. तो म्हणाला, तुम्ही तरी खरं बोललात. दहा देऊन गेला."

मी हसले, पण त्याला हसू आलं नाही. तो काचेतून आत बघत होता. "आत नट आवळला की आवळला जातो गं," म्हणाला. "इथे दिवसभर काहीच संपत नाही. तूच काय ते कर. बाहेरच्या कुणाला सांगणार मी?"

मी शब्द दिला. गाडी घेऊन निघाले, पहिल्याच वळणावर कुई! म्हटलं चला, खोटं तरी बोलावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाजावरून कोवळी मुलगी.

"मॅडम, दहापैकी किती गुण द्याल?"

"दोन."

"दहा ना?"

"दोन गं! एक आणि एक, दोन! गाडी कुईकुई करते. ऐकवू का?"

ती एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, एक सांगू? काउंटरवरच्या त्या दादांना त्रास होईल हो. फार चांगले आहेत. सगळे त्यांचं नाव काढतात."

"अगं, होऊ दे त्रास! त्याला हवाय तो!"

"रागावलायत तुम्ही, कळतंय मला. पण कुणाच्या पोटावर पाय नको. मी दहा टाकते हं."

"अगं ए बाई—"

फोन बंद. मी उलटा लावला, तर त्या नंबरवर फोन लागतच नाही म्हणे. तो फक्त त्यांनी आपल्याला करायचा.

कुईकुई काही थांबली नाही, म्हणून परवा पुन्हा गेले. पाण्याच्या कूलरशेजारी मिठूचा फोटो, चांगला फ्रेम करून. खाली मोठ्या अक्षरांत 'सर्वांचा आवडता'. काचेपलीकडे कुणी नवा माणूस गाडीखाली झोपला होता, त्याचे नुसते पाय दिसत होते. मिठू त्या पायांकडे बघत उभा होता.

माझ्या मागे रांग होती, तरी मी काउंटरवर वाकून विचारलंच, "मिठ्या, तुझं आत जायचं?"

त्याने माझी चावी घेतली, तिला चिठ्ठी अडकवली आणि नेहमीसारखं गोड हसला.

"होऊन जाईल, मावशी."

मी जाऊन सोफ्यावर बसले.