दीड तासावरचा समुद्र

अन्याय झाला तो माझ्या काकीवर. कधी? गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. कुठं? केरळात, कोट्टायमच्या एका गल्लीत, काकाच्या गलाईच्या दुकानासमोर.

आमच्या आटपाडी भागातल्या बऱ्याच घरांची एक तरी भट्टी अशी परमुलखात पेटलेली असते. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, ही गलाई. खाली भट्टी, वर दोन खोल्या. आणि सगळ्या दुकानांचा एकच नियम: आत गिऱ्हाइकाचं सोनं असतं, म्हणून घरातलं एक माणूस कायम दुकानात पाहिजे. हे माणूस म्हणजे घरातली बाई, असं कुठं लिहिलेलं नाही. लिहायची गरजच पडत नाही.

आई, दादा म्हणजे माझे वडील, आणि मी पाहुणे म्हणून गेलो होतो. काकानं आमच्यासाठी अर्ध्या दिवसाची सहल ठरवली. गाडी, माहिती सांगायला गाईड, आधी दीड तासावरचं कालव्यांचं गाव अलेप्पी, मग किनाऱ्यावरचं एक कोळ्यांचं गाव, दुपारी एकला परत. काकी चारला उठून भाकऱ्या थापत होती. तिनं डबा गाडीत ठेवला आणि आम्हाला टाटा करायला पायरीवर जाऊन उभी राहिली.

"काकी, बस की गाडीत," मी म्हटलं.

काकाच बोलला, "ती हितलीच हाय. तिला काय नवीन?"

"काकी, तू बघितलंयस का अलेप्पी?"

"कवा बघू बाय? बावीस वर्सं झाली, निघायला गावलंच न्हाई."

तिनं तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं. मला तेच जास्त लागलं. शेवटच्या शेताला पाणी द्या, अशी पाणी चळवळीची पत्रकं मी गावोगाव वाटते, आणि इथं सख्ख्या काकीला सोडून गाडीत पुढची खिडकी धरून बसले होते.

"काका, तुमी किती येळा गेलाय?"

"पाव्हणं आलं की जावंच लागतंय. धा येळा तरी."

"मग आज दुकान तुमी बघा."

"गप गं," दादा ओरडले. "ही काय तहसील कचेरी हाय व्हय, घोषणा द्यायला?"

"मग मी बी येत न्हाई," मी म्हणाले आणि गाडीतून उतरले.

काकानं काकीकडं पाहिलं. 'जावा तुमी' असं ती म्हणेल, याची त्याला खात्री होती. काकी पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "आवं, आमटी झाकल्याली हाय. भात तेवढा लावा. तीन शिट्ट्या, जास्ती न्हाई." आणि चपला आणायला वर गेली.

गाईडचं हिंदी दहा मिनिटांत संपलं. "ये कॅनाल. बोट. पहले बिझनेस." दादा फौजेतून रिटायर झालेले. ते करड्या हिंदीत प्रश्न विचारत, तो प्रत्येकाला मान हलवत होता. तेवढ्यात मागच्या सीटवरून काकी मलयाळममध्ये बोलायला लागली. सरळ, न अडखळता. गाईड अख्खा मागं वळला. मासळीवालीकडून, शेजारणीकडून तिनं भाषा कधी उचलली, ते काकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्याला सोन्यापुरती येते.

काठावर उतरल्यावर तिनं पहिलं विचारलं, "ह्या कालव्याला पाणी कवा सुटतं? आता पाळी कुणाची?" आमच्याकडं कालव्याला पाणी पाळीनं सुटतं, तेही सुटलं तर. गाईड बुचकळ्यात पडला. मग त्यानं भरभरून सांगितलं आणि काकीनं ते आम्हाला मराठीत दिलं. हे पाणी शेताचं नाहीच. नावांसाठी खोदलेले कालवे. काथ्या, मिरी बंदरावर न्यायचे.

"म्हंजे मालाचा रस्ता," दादा म्हणाले.

"व्हय. आपल्याकडं शेतालाबी पाणी न्हाई, आन् ह्यांचा रस्ताच पाण्याचा!" काकी म्हणाली.

किनाऱ्यावरच्या गावात एक बाई चाकावर काथ्याचा दोर वळत होती. काकी तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि दोघी हसायला लागल्या.

"काय म्हणत हुती गं?" आईनं विचारलं.

"म्हणली, एवढ्या जवळ ऱ्हातीस, आन् आजवर का न्हाई आलीस?"

"मग?"

"म्हटलं, आता येत जाईन."

मग ती नेसूचं वर धरून गुडघाभर समुद्रात उभी राहिली. वाळूत दादा, हातात भावजयीच्या चपला.

परतलो तर भाताचा पार गिचका झालेला. काकानं वाढता वाढता विचारलं, "कसं वाटलं?"

"लय बघायचं ऱ्हायलंय. म्हैन्यातला एक रविवार दुकान तुमी बघायचं," काकी म्हणाली.

"बघू."

"बघू न्हाई. व्हय म्हणा."

"व्हय," काका म्हणाला. आणि पाळतोय. गेल्या महिन्यात काकी शेजारणीला घेऊन पुन्हा समुद्रावर गेली, गाईडशिवाय.

परमुलखात भट्टी, दुकान, टपरी चालवणाऱ्या माझ्या गाववाल्यांनो, हे निवेदन नाही, मागणी आहे. आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या बाईला विचारा, "हितलं काय बघायचं ऱ्हायलंय?" तिनं गावाचं नाव घेतलं की येत्या रविवारी तिला गाडीत बसवा, आणि दुकानात तुम्ही थांबा.