गप्प बसलेला फ्लॅग

मुदखेडहून किनवटला रेल्वेनं जाताना समोरच्या बाकावर एक अनोळखी तरुण होता. मांडीवर लॅपटॉप. एक शब्द लिहायचा, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत म्हणून बघायचा आणि खोडायचा.

न राहवून मी विचारलं, "काय लिहून राहिले तुम्ही?"

"कॉम्प्युटरच्या गाभ्याला बाकीचे प्रोग्रॅम कामं सांगतात. काम कसं करायचं ते सांगायला फ्लॅग, म्हणजे खुणेचे शब्द, लावतात. थांबू नको, नवी फाइल बनव, असे. त्यांची नावं ठरवून राहिलो. एका फ्लॅगचा सगळीकडं एकच अर्थ पाहिजे."

"आणि नसलेलाच फ्लॅग कुणी लावला तर?"

त्यानं लॅपटॉप हळूच मिटला. "तर तोंडावर न्हाई म्हणावं. आधी आम्ही तसला फ्लॅग सोडून द्यायचो, गप्प बसायचो. लोकांना वाटायचं, चालतंय. आज त्या फ्लॅगला खरा अर्थ द्यायला गेलं, की त्यांचे चालते प्रोग्रॅम मोडतात. लई उशीर होतो ताई, गप्प बसलं की."

भोकरच्या पुढं साग सुरू झाले. हिरवं ऊन त्याच्या मिटल्या पापण्यांवरून सरकत होतं. गाडी चाललीय की जंगल, कळेना.

किनवटला आत्याकडं मला बघायला पाहुणे येणार होते. पाहुण्यांना होकार कळवू का, असं काकांनी फोनवर विचारलं तेव्हा मी काहीच बोलले नव्हते. पोरगी लाजली म्हणजे होकारच, असं समजून त्यांनी पेढे आणले होते.

रेंज जायच्या आत मी फोन लावला.

"काका, मी गप्प होते ना, ते हाव नव्हतं, होकार नव्हता."

 मग मी, हळू पण स्पष्ट, न्हाई म्हणाले.