रानात न उडालेला बार

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या विद्यापीठात शिकत असताना मी गावाबाहेर, शेतांच्या मधल्या एका घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. घरमालकीण रत्नागिरीकडच्या. नोकरीसाठी इथे आल्या, एका डच माणसाशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. मी त्यांना ताई म्हणायचो, त्यामुळे त्यांच्या नवऱ्याला दाजी म्हणणं ओघानेच आलं. दाजींना मराठी थोडंफार कळायचं. जिन्यावरून ‘दाजी’ अशी हाक मारली की खालून ‘हो’ ऐकू यायचं.

दाजी शिकारी होते, रीतसर परवान्याचे. हिवाळ्यात तिथल्या रानातली हरणं ठरवून कमी करतात, आणि ते काम दाजी आणि त्यांचा एक मित्र मिळून करत. ताई मासे खायच्या, पण हरणाचं मांस त्यांनी कधी शिजवलं नाही. दाजी ते स्वतः शिजवायचे, आणि त्या दिवशी ताई स्वयंपाकघरात फिरकायच्या नाहीत. यावरून घरात भांडण नव्हतं. निदान मला ते दिसलं नव्हतं.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. एका शनिवारी सकाळी दाजी रानातून रिकाम्या हाताने परत आले. समोर हरीण उभं होतं, चाप ओढला, टक असा आवाज झाला आणि गोळी सुटलीच नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून ते बराच वेळ थांबले, कारण कधी कधी बार उशिराने उडतो. मग काडतूस बाहेर काढलं. तेवढ्यात हरीण निघून गेलं होतं.

“तुझ्या हरणाला कुणीतरी आधीच कळवलं असणार,” ताई म्हणाल्या.

दाजी हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. “तू इंजिनियर ना? बघ जरा.”

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. गावी मिक्सर बिघडला तरी मलाच विचारतात, कारण पोरगा इंजिनियर. इथे तर समोर रायफल होती, आणि मी व्हिसावर राहणारा विद्यार्थी. मी हात पाठीमागे बांधले आणि म्हणालो, “मी हात लावणार नाही. तुम्ही उघडा, मी बघतो.”

दाजींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला. दर बाराला हाताने मागे ओढायचा पोलादी दांडा, म्हणजे बोल्ट, त्यांनी बाहेर काढला. त्याच्या आत स्प्रिंगवर बसलेली एक पिन असते. चाप ओढला की ती पुढे झेपावते, काडतुसाच्या बुडाला ठोसा देते आणि बार उडतो. न उडालेल्या काडतुसाच्या बुडावर ठोशाचा खळगा होता, पण अगदी उथळ. दाजींनी शेजारी एक उडालेलं काडतूस ठेवलं. त्याचा खळगा खोल होता.

“ठोसा कमी पडतोय,” मी म्हणालो. “पण काडतूसही खराब असू शकेल.”

दुसऱ्या दिवशी मित्राने तेच काडतूस त्याच्या रायफलीत घातलं. बार उडाला. म्हणजे काडतूस चांगलं होतं. मग दाजींनी बोल्ट पूर्ण सुटा केला. स्प्रिंग ताठ होती, पिनेचं टोक शाबूत होतं, सगळ्यावर तेलाचा पातळ, स्वच्छ थर होता. पिन बोटाने दाबली की सुळकन पुढेमागे व्हायची. दाजी शहरातल्या बंदिस्त नेमबाजीच्या हॉलमध्ये जाऊन आले. तिथे एकही बार चुकला नाही.

पुढच्या शनिवारी रानात पुन्हा टक.

त्या संध्याकाळी दाजी जेवताना एकदम म्हणाले, “कागदावर उडते. हरणावर उडत नाही.” त्यांनी ताईंकडे पाहिलं नाही, आणि मला तेच जास्त खटकलं.

रायफलीची तिजोरी खाली बॉयलरच्या खोलीत होती. कपडे धुण्याचं मशीनही तिथेच. रविवारी मी कपडे काढत होतो, तेव्हा दाजी दारात येऊन उभे राहिले. “तू इथे केव्हा केव्हा येतोस?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कपडे धुवायला, रविवारी. “आणि इतर वारी?” इतर वारी नाही, मी म्हणालो. खरं तेच बोलत होतो, तरी माझा आवाज खोटा वाटला. वर येऊन मी दुसऱ्या खोल्यांच्या जाहिराती बघत बसलो. इथे खोली मिळणं किती अवघड आहे हे मला ठाऊक होतं.

पण त्यांचा रोख माझ्यावर नव्हता. दोन दिवसांनी त्यांनी मला अंगणात गाठलं. “तिला हरणं मारलेली आवडत नाहीत,” ते हळू आवाजात म्हणाले. “किल्ली कुठे असते ते तिला माहीत होतं. आता मी जागा बदलली आहे. तू काही पाहिलंस का?”

मी नाही म्हणालो. त्यानंतर मात्र मीही बघायला लागलो. ताई खाली गेल्या की जिन्यावरची त्यांची पावलं ऐकायचो. एकदा त्या बॉयलरच्या खोलीतून हात पुसत बाहेर आल्या, तर माझी नजर आधी फडक्यावर गेली. फडक्यावर साबण होता. रोज मला गरम पोळी वाढणाऱ्या बाईच्या फडक्यावर मी काय शोधत होतो, ते मलाच नीट सांगता येत नव्हतं.

ताईंना सगळं कळलं होतं. त्या मला म्हणाल्या, “हा किल्ली खिशात घेऊन अंघोळीला जातो. तुला सांगितलं असेल त्याने.”

मी पाण्याचा ग्लास भरायला वळलो.

“सांगितलंय म्हणजे. बरं.” त्यांनी कणकेचा गोळा परातीत आपटला. “तू लेकरासारखा आहेस, तुला यात ओढायला नको होतं त्याने.”

मी खोलीत जाऊन वहीवर स्प्रिंगचं गणित मांडलं. त्यातून काही निघालं नाही. मग साधा प्रश्न पडला. हॉलमध्ये उडते, स्वयंपाकघरात पिन सुळकन सरकते, फक्त रानात अडते. रानात काय वेगळं असतं? हरीण असतं, हे दाजींचं उत्तर झालं. पण थंडीही असते. आणि रानातून आल्यावर रायफल तिजोरीत जायची, घरातल्या सगळ्यात ऊबदार खोलीत. आम्ही ती दरवेळी गरम झाल्यावरच उघडत होतो.

मी घाबरत घाबरत दाजींना म्हणालो, “पुढच्या वेळी घरात आणू नका. बाहेरच उघडून बघू.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाची तरी बाजू घेतोय. पण शनिवारी तिसऱ्यांदा टक झाल्यावर ते तडक मागच्या शेडमध्ये आले. गवतावर दहिवर गोठलेलं होतं. दाजींनी तोच जुना टॉवेल अंथरून बोल्ट उघडला. पिन दाबली तर ती जागची हलेना. जोर केल्यावर सरकली, पण चिखलातून सरकावी तशी. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये पांढरं, मेणासारखं काहीतरी बसलं होतं.

“हे काय?” दाजी म्हणाले. “हे कुणी घातलं?”

ताई शेडच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, थोडंसं बोटावर घेतलं, वास घेतला आणि तेच बोट माझ्या नाकापुढे धरलं. बंदुकीच्या तेलाच्या उग्र वासाखालून ओळखीचा वास आला.

“खोबरेल,” मी म्हणालो. या घरात खोबरेल वापरणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाथरूममध्ये बाटली हीटरवर ठेवायच्या, नाहीतर तेल गोठायचं.

दाजींचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

“आठवलं?” ताईंनी विचारलं. मग मला म्हणाल्या, “दसऱ्याला तू लॅबमध्ये होतास. मी शिलाई मशीन, विळी, याची करवत, सगळं पाटावर मांडलं. हा म्हणाला, माझी रायफलही ठेवतो. मला बरं वाटलं. मी दस्त्यावर कुंकवाचं बोट लावलं, बास. मग हा विचारतो, तुझे वडील हत्यारांना काय लावायचे? म्हटलं, खोबरेल. रत्नागिरीत दुसरं काय लावणार?”

“मी बोल्ट आतून खोबरेलाने पुसला,” दाजी म्हणाले. “नीट करावं म्हणून. प्रत्येक भाग.”

“तुझ्या वडिलांकडे गोठत नव्हतं,” पिनेवरचं पांढरं खरवडत ते पुन्हा म्हणाले.

“आमच्याकडे काहीच गोठत नाही.”

मी तिथून निघायला लागलो. ताईंनी मला थांबवलं. “थांब रे. संशय तुझ्यासमोर घेतला याने, मग हेही तुझ्यासमोर होऊ दे.” आणि दाजींना म्हणाल्या, “मला एकदा तरी विचारलंस?”

“नाही.” दाजींनी पिन टॉवेलवर ठेवली. “आता विचारतो. असं काही करावं, असं तुला कधी वाटलं होतं?”

मला वाटलं, त्या रागावून निघून जातील.

“हो,” त्या म्हणाल्या. “दर हिवाळ्यात वाटतं.”

“मग?”

“मग काय? बिघडवलेली बंदूक फुटली तर ती तुझ्याच तोंडाशी असते ना.”

दाजी म्हणाले की चूक त्यांची होती, आणि आज मित्रालाही ते सांगतील.

“म्हणजे त्यालाही सांगितलं होतंस? माझ्याबद्दल?”

“हो.”

“मग फोन आत्ता कर. मी इथेच आहे.”

दाजींनी तेलकट बोटांनी फोन लावला. ते डचमध्ये बोलत होते, मला तुटक तुटक कळत होतं. तेल, थंडी, स्प्रिंग. पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि दाजीही जरा हसले. ताई हाताची घडी घालून ऐकत होत्या.

“तेलाचं सांगितलंस,” त्या मध्येच म्हणाल्या. “माझं नाही सांगितलंस.”

दाजींनी मान डोलावली, घसा खाकरला आणि पुन्हा बोलायला सुरुवात केली.