ठेचलेल्या तोंडाचे पाइप

आमच्या भागात लोखंडी पाइप खांब म्हणून रोवायचा असला की त्याची दोन्ही तोंडे घणाने ठेचून चपटी करतात. खालचे तोंड चपटे असले की पाइप खड्ड्यात फिरत नाही. वरचे उघडे ठेवले तर उन्हाळ्यात गांधीलमाश्या आत घर करतात आणि धार काढायला बसलेल्या माणसाला चावतात. म्हणून दोन्ही ठेचायची. हे कोणी कोणाला शिकवत नाही. अणदूरच्या शिवारात ज्याच्या शेतात गोठा आहे, त्याच्या गोठ्याचे खांब असेच आहेत.

आमचाही गोठा तसाच होता. बोअर आटल्यावर उपसून काढलेले पाइप वडिलांनी खांब म्हणून रोवले होते. विहाराला रंग दिला तेव्हा थोडा निळा रंग उरला, तो त्यांना लावला. ठेचलेल्या तोंडाला बारीक फट राहते. तिच्यातून पावसाचे पाणी आत झिरपते, मग गंज चढतो आणि फट बुजते. खांब हलवला की आत पाणी डुचमळल्याचा आवाज यायचा. मी आणि माझी थोरली बहीण अक्का लहानपणी खांबाला कान लावून तो ऐकायचो.

म्हशी विकल्यावर गोठा रिकामा पडला. मी तोवर सोलापूरच्या एका दैनिकाच्या डेस्कवरची नोकरी सोडून गावी आले होते आणि जिल्ह्याच्या बातम्या इथूनच पाठवत होते. एका शनिवारी भंगारवाल्याचा टेंपो भोंगा वाजवत वस्तीवर आला. वडिलांनी पत्रे, तारा आणि पाइप देऊन टाकले. मी समोरच होते. त्यात अडवण्यासारखे काही दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का माहेरी आली. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, सळई तयार करणाऱ्या एका कारखान्यात भट्टीवर काम करतात. हे कारखाने आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला बरेच लांब, एका गावाबाहेर ओळीने उभे आहेत. दाजींना सुट्टी मिळाली नव्हती. अक्का एकटीच आली होती. हातपाय धुऊन ती चहाचा कप घेऊन ओट्यावर बसली आणि तिचे लक्ष गोठ्याच्या जागेकडे गेले.

"पाइप कुठं गेले गं?"

मी सांगायच्या आत वडील म्हणाले, "भंगारात दिले की काल. उगं जागा आडली व्हती."

"तोंडं कापून दिले का?"

"कापायची कशाला? काट्यावर तोंड बघत न्हाईत, वजन बघतेत."

"कुणाला दिले, अण्णा?"

"जळकोटच्या चाचाचा टेंपो व्हता."

अक्काने कप खाली ठेवला. जळकोटच्या चाचांचा माल कुठे जातो हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होते. महामार्गाला लागून त्यांचे भंगाराचे दुकान आहे आणि त्यांची कारखान्यात ओळख दाजींनीच करून दिली होती. आपल्या गावाकडचा माणूस आहे, खराब माल देणार नाही, असे सांगून.

भट्टीतले काम दाजींनी आम्हाला एकदा समजावून सांगितले होते. क्रेन भंगार आणून सोडते. ते भट्टीच्या तोंडाशी अडकले की फलाटावर उभ्या माणसाने लांब सळईने ते आत ढकलायचे. ती सळई दाजींच्या हातात असते. बंद सिलिंडर, गाडीचा शॉकअप किंवा तोंड ठेचलेला पाइप वितळलेल्या लोखंडात गेला, तर आतल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते. वाफेला वाट नसते. पाइप फुटतो आणि भट्टीतले लोखंड उसळून फलाटावर येते.

"आपल्याच पाइपानं काय व्हतंय एवढ्या ढिगात?" वडील म्हणाले.

"एकच लागतो, अण्णा. मागल्या महिन्यात शेजारच्या भट्टीत एकच गेला व्हता. आमच्या बाजूच्या खोलीतला माणूस हाय. अंगावर चादर टेकू देत न्हाई अजून. कारखाना म्हणतो आमचा न्हाई, ठेकेदाराचा हाय. ठेकेदार म्हणतो, माझ्याकडं नवा व्हता, हजेरीवर नाव लागलंच नव्हतं."

मी स्कूटर काढली.

अणदूरहून नळदुर्ग आणि तिथून जळकोट, हा रस्ता लांबचा नाही. त्या सकाळी तो संपत नव्हता. अक्का मागे बसून दाजींना फोन लावत होती. फोन बंद होता. पाळीवर जाताना फोन गेटवर ठेवावा लागतो. मग तिने ठेकेदाराला लावला. वाऱ्यामुळे तिला ओरडून बोलावे लागत होते. ठेकेदार म्हणाला, "ताई, आम्ही सगळा माल बघूनच घेतो," आणि त्याने फोन ठेवला.

"बघून घेतेत म्हणं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आमच्या दोरीवरची कापडं काळी व्हतेत रोज, ती दिसंनात ह्यांना. पाइपाच्या आतलं काय दिसतंय!"

चाचा दुकानात काट्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मागे बायका पत्रा आणि बिडाचे ओतीव लोखंड वेगळे करत होत्या. अक्काला पाहून ते उठले.

"या बेटी, या. जावईबापू कैसे हैं?"

"चाचा, आमचे निळे पाइप कुठं हायत?"

"गाडी तो सुबेच निकल गई. तुमच्याच अण्णांचे व्हते ना? आखरीला वरच टाकलेत."

"दोन्ही तोंडं बंद हायत त्यांची. आत पाणी हाय."

चाचांना पहिल्यांदा ते कळलेच नाही. सिलिंडर ते घेत नाहीत. शॉकअप आला तर भोक पाडल्याशिवाय गाडीत चढवत नाहीत. भोक पाडायची पहार त्यांनी मला तेवढ्यात दाखवलीसुद्धा. "पर पाइप तो पाइप है, बेटी. त्याला बंद कोण म्हणतं?"

चूक होती ती एवढीच. पाइप म्हणजे आरपार, असे वडील धरून चालले होते, टेंपोवाला धरून चालला होता आणि चाचाही. तोंड आपणच ठेचले आहे, हे पाइप रोवताना माहीत असते. तो विकायची वेळ येईपर्यंत विसरलेले असते.

चाचांनी ड्रायव्हरला फोन लावला. घंटा वाजत राहिली.

"गाडी चालवताना उचलत न्हाई तो. मीच शिकवलंय," चाचा म्हणाले. "पर येडशीला जेवतो. दुसरीकडं त्याला घासच उतरत न्हाई. चला."

त्यांनी पिकअपमध्ये घण, छिन्नी आणि लोखंड कापायची करवत टाकली. आम्ही दोघी पुढे त्यांच्या शेजारी बसलो. नळदुर्गवरून गाडी तुळजापूरच्या रस्त्याला लागली तेव्हा चाचांनी तोंड उघडले.

"ठोकले तुझ्या बापानं, आन् पळापळ माझी."

"मग घेतले कशाला तुम्ही?"

"तुझाच नवरा बोला था, चाचा माल भेजो, गावाकडचा माल भेजो."

तुळजापूर मागे गेले. अक्का पदराचे टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. धाराशिवच्या अलीकडे पुढे एक ट्रक दिसला. ती पुढे वाकली. ट्रकमध्ये जनावरांसाठी उसाची वाढी होती. त्यानंतर पुढे दिसणाऱ्या प्रत्येक ट्रकमधला माल आम्ही तिघेही वाकून बघायचो. पिकअप त्याच्या बाजूने पुढे गेली की चाचा नुसते "न्हाय" म्हणायचे.

येडशीला धाब्यासमोर त्यांचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर बाजेवर बसून भाकरी कुस्करत होता. आम्हाला पाहून तो हसला.

"चाचा, काय झालं? वजन जास्ती भरलं म्हणून मागं पळत आलाव का?"

"निळे पाइप उतरवायचेत."

"निळे पाइप? जळकोटवरनं? सोन्याचे हायत व्हय?"

"भाऊ, जेवा तुम्ही," अक्का म्हणाली. "मी उतरवते." आणि ती साडी खोचून चाकावर पाय देऊन वर चढली. ड्रायव्हरने ताट बाजूला सारले आणि तोही उठला.

ताडपत्री सोडली. आमचे पाइप खरोखरच वर होते. त्यांना बाजूला करायला फार वेळ लागला नाही. मी खाली उभी राहून ते घेत होते. नंतर वरून काही येईना. मी अक्काला हाक मारली. ती ट्रकच्या मधोमध उभी राहून खाली बघत होती.

मीही वर चढले. आमच्या पाइपांखाली दुसरे पाइप होते. हिरव्या रंगाचे, भगव्या रंगाचे, बिनरंगाचे. एकाला शाळेच्या फाटकाची बिजागरी तशीच होती. एक टीव्हीच्या अँटेनाचा होता. एकाच्या टोकाला झेंड्याची कडी होती. प्रत्येकाची तोंडे ठेचलेली होती. अक्काने जवळचा एक हलवला. आत पाणी डुचमळले. तिने दुसरा हलवला. तिसरा मालाखाली दबला होता, तो हललाच नाही.

"आपले उतरले की," चाचा खालून म्हणाले. "बाकी माल दूसरों का है, बेटी."

"दुसऱ्यांचा असला तरी भट्टी तीच हाय ना, चाचा?"

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, दिवस मावळायच्या आत गेटवर नंबर लावायचाय मला. सगळी गाडी खाली करायची म्हणलं तर क्रेन लागंल. इथं कुठली क्रेन आणू?"

चाचांनी करवत घेतली आणि उतरवलेल्या निळ्या पाइपांपैकी एकाचे तोंड कापायला सुरुवात केली. पाते अर्ध्यावर गेले तसे आतून तांबडे, दुर्गंधीचे पाणी आले आणि त्यांच्या बुटांवर सांडले. बरेच पाणी होते. धाब्यावरची माणसे उठून बघायला आली. चाचा तसेच वाकून पाणी थांबायची वाट बघत राहिले. मग सरळ झाले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "घण ले."

हाताला येतील तेवढे पाइप त्या दोघांनी फोडले. छिन्नी धरायचे काम मी केले. वरचा थर झाला. त्याखाली तारा, पत्रे आणि इंजिनचे तुकडे एकमेकांत अडकलेले होते आणि त्यांच्या आत कितीतरी पाइपांची नुसती चपटी तोंडे दिसत होती. ती ओढून निघत नव्हती. ऊन कलायला लागले तसा ड्रायव्हर ताडपत्री बांधू लागला. त्याला कोणी अडवले नाही.

अक्का खाली उतरली आणि केबिनकडे गेली.

"भाऊ, मी येते तुमच्या गाडीत."

"कुठं?"

"गेटवर."

"अक्का, तुझी बॅग?" मी विचारले.

"राहू दे घरीच. अण्णांना सांग." तिने दार ओढून घेतले.

पुढचे सगळे मला तिच्याकडून कळले. ट्रक गेटवर लागला तेव्हा ती बाहेर बसून राहिली. पाळी सुटल्यावर दाजी बाहेर आले. तिने त्यांना सांगितले. ते परत आत गेले आणि म्हणाले, या गाडीतले पाइप फोडून बघितल्याशिवाय मी हा माल ढकलणार नाही. सुपरवायझरने ठेकेदाराला बोलावले. ठेकेदार म्हणाला, मग उद्यापासून येऊ नको. गाडी मोठ्या ढिगावर रिकामी झाली. त्या ढिगात जहाजाने परदेशातून आलेले भंगारही असते. त्या मालाबरोबर तपासणीचा कागद येतो. आमच्याकडच्या गाडीबरोबर वजनाची पावती असते.

मी कारखान्यात फोन केला. बंद वस्तू आम्ही घेतच नाही, असे उत्तर मिळाले. त्या आठवड्यात तिथे स्फोट झाल्याचे कुठे छापून आले नाही. माझ्याजवळही लिहिण्यासारखी बातमी नव्हती, कारण काही घडलेले नव्हते. ते पाइप दुसऱ्या पाळीच्या कोणी ढकलले आणि तेव्हा काय झाले, याचा शोध मी बरेच दिवस घेतला. दुसऱ्या पाळीची माणसे बदलली होती. जुनी कुठे गेली ते कोणी सांगितले नाही.

दाजी काही दिवस अणदूरला राहिले. चाचांनी त्यांना दुकानात काम देऊ केले. चाचा आता दोन्ही तोंडे कापल्याशिवाय पाइप घेत नाहीत, त्यामुळे काही टेंपोवाले पुढच्या दुकानात जाऊ लागले आहेत. दाजींचे मन इथे लागले नाही. ते सकाळी उठून बांधावर फेऱ्या मारायचे आणि दहा वेळा फोन बघायचे. त्याच ओळीतल्या दुसऱ्या कारखान्यातून बोलावणे आले तसे ते गेले. काम तेच, फलाट आणि सळई. तिथला माल कुठून येतो, हे अक्काला माहीत नाही.

वडिलांनी कोंबड्यांसाठी नवे खुराडे केले. खांबांची तोंडे उघडी ठेवली. गांधीलमाश्या आल्या. त्या वडिलांना चावल्या, पण त्यांनी घण काढला नाही.

मागच्या वेळी अक्का येणार होती तेव्हा वडील अणदूरच्या फाट्यावर तिला घ्यायला गेले. एसटी आली, त्यात ती नव्हती. बॅग मात्र कंडक्टरने खाली दिली. वडिलांनी तिथूनच मला फोन केला आणि मी तिला लावला.

"येडशीला उतरले," ती म्हणाली. मागे कोणीतरी मोठ्याने हसत होते, लोखंडावर लोखंड आपटत होते. "धाब्यावर भंगाराचा ट्रक उभा हाय. ड्रायव्हर जेवतोय. तेवढा बघते आन् मागच्या गाडीनं येते. अण्णांना म्हणावं, थांबू नका."