बिनपगारी सुट्टीतली सायकल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या वहिनींचे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी सातवीत होतो आणि वडील मला पिठाच्या गिरणीवर लावायच्या विचारात होते. नव्या नवरीने सासऱ्यांसमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. वहिनी बोलल्या. "भावजींना शिकू द्या," एवढंच. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या वाक्यामुळे.

पुढे आखातात, हमरिया फ्री झोन या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनियर झालो, शारजात संसार थाटला. मग मंदी आली. ऑर्डरी थांबल्या आणि कंपनीने आम्हा काही जणांना बिनपगारी सुट्टीवर बसवलं. परत बोलावणार का, याला मॅनेजरचं एकच उत्तर: "इन्शाल्ला." बायकोला आणि मुलीला गावी पाठवून मी रिकाम्या फ्लॅटमध्ये फोनकडे बघत बसलो.

आमच्या इंग्रज साहेबाला तर काढूनच टाकलं होतं. मायदेशी जाताना त्याने आपली सायकल, पिशव्या आणि तंबू माझ्या गळ्यात घातला. या सायकलवरून त्याने सबंध ब्रिटन पालथं घातलं होतं. "आता तुझ्याकडे वेळ आहे," तो म्हणाला. राग आला, पण वेळ खरंच होता. मी ठरवलं, शारजाच्या समुद्रापासून डोंगर ओलांडून फुजैराच्या समुद्रापर्यंत जायचं, आणि सगळं सायकलवर. नोकरीचा निर्णय माझ्या हातात नव्हता. सुरू केलेली एक तरी गोष्ट मी स्वतः पुरी करू शकतो का, ते मला बघायचं होतं.

तंबूने पहिल्याच मुक्कामाला छळ मांडला. तो ब्रिटनच्या पावसासाठी शिवलेला. वाळूत त्याच्या खुंट्या धरेनात, आणि पाऊस नसताना सकाळी मी आतल्या दमटपणानेच भिजलेला. स्टोव्ह पेटवावा तर वारा सुटे. वारा पडला की स्टोव्ह रुसे.

पण तंबू परवडला, माणसं नकोत, असं झालं. इथे सायकलवर दिसणारा हिंदुस्थानी म्हणजे मजूर, आणि सामानासकट दिसला तर नोकरी गेलेला मजूर. दर थोड्या वेळाने एखादी गाडी थांबे. "भाईसाब, कंपनी ने निकाल दिया? बैठो." मी सांगे, शौक म्हणून चाललोय. "शौक?" म्हणत ते हातात पाण्याची बाटली कोंबत. दुबईहून निघालेल्या एका कुटुंबाने तर गाडी मागे घेतली. "अहो, तुम्ही मराठी? मग असं कशाला?" बाईंनी विचारलं. मागून त्यांची मुलगी म्हणाली, "मम्मा, इज ही ओके?" मी ओके नव्हतो, पण तो सायकलचा दोष नव्हता.

धैद गावाच्या पुढे चहाला थांबलो. चौकशी करणाऱ्यांना सांगितलं, इंजिनियर आहे, फुजैराला चाललोय. मागे जाऊन तोंड धुतलं आणि बाहेर येऊन बघतो, तर सायकल एका पिकअपमध्ये दोरीने बांधलेली. पठाण ड्रायव्हर दार उघडून उभा. मी भांडायला म्हणून आत चढलो. मी बसलो असं समजून त्याने गाडी सोडली.

"रोको!"

"फुजैरा जाना है ना? मैं भी उधर ही जाता है. पैसा नहीं लेगा."

"पैसे की बात नहीं! मुझे साइकिल पे जाना है!"

"आगे चढ़ाई है. मर जाएगा."

"मरने दो!"

त्याने गाडी कडेला घेतली. "उतरो फिर."

"यहाँ नहीं. जहाँ से उठाया, वहीं छोड़ो."

 त्याने गाडी वळवली आणि रस्ताभर मला पश्तूमध्ये शिव्या घातल्या. चहाच्या दुकानापाशी दोरी सोडताना जमलेल्या ड्रायव्हरांना त्याने ओरडून सांगितलं, "ये इंजिनियर है. दिमाग खलास. इसको कोई गाड़ी में मत बिठाना."

ही बातमी माझ्या आधी पुढे पोचली. टपरीटपरीवर "आओ, इंजिनियर साब, चाय पियो" सुरू झालं, पण गाडीत बसा म्हणायला कोणी तयार नाही. मसाफीच्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले. मी कडेला उभा राहून केविलवाणं बघू लागलो. ट्रकवाले आनंदाने हॉर्न वाजवत, हात हलवत निघून गेले. एखाद्याने विचारलं असतं तर मी बसलो असतो, कोण जाणे. चरफडत सायकल ढकलली, मग पुन्हा चढलो.

फुजैराच्या समुद्रावर टँकर उभे होते. चाक पाण्यात घातलं, बूट भिजवले आणि जवळच्या कॅफेटेरियात बसून वहिनींना पत्र लिहिलं. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

"वहिनी, नमस्कार.

आज फुजैराला पोहोचलो. सगळं अंतर सायकलनेच केलं. चढावर थोडी ढकलली, तेही सांगतो. कंपनीकडून अजून काही कळलेलं नाही. फोनवर तुम्ही तो विषय टाळता, हे मला समजतं. आता विचारत जा. 'नाही' म्हणायला मला पूर्वीइतकं जड जाणार नाही. बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तर गावी येऊन काम शोधीन. लोक बोलतील ते आपण दोघं ऐकून घेऊ.

तब्येत चांगली आहे. पोटऱ्या फार दुखतात. कोणतं तेल लावू ते कळवा."