उभी राहिलेली एक पिन

माझ्या बाबांना वाघाने नेलं नाही.

सकाळपासून फोन करणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतोय, म्हणून इथेच लिहून टाकते. बाबा आज पहाटे मूलजवळच्या आमच्या गावी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, झोपेत गेले.

मग लगेच दुसरा प्रश्न येतो. गावाभोवती वाघ फिरत असताना म्हाताऱ्या माणसाला तिथे नेलंच कशाला?

त्याचं उत्तर बोलिंगमध्ये आहे.
हसू आलं तर हसा. बाबांनाही यायचं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेजारच्या पार्बताकाकू मोहफुलं वेचायला गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्याच आठवड्यात दादा नागपूरहून गाडी घेऊन गावी गेला आणि बाबांना चंद्रपूरला माझ्या फ्लॅटवर आणून सोडलं. वाघ पकडला जाईपर्यंत बाबा माझ्याकडे, असं ठरलं.

ठरलं आमचं. बाबांना कोणी विचारलं नाही.

तिसरा मजला. बाहेर चंद्रपूरचं ऊन, खिडकी उघडायची सोय नाही. बाबा दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे, पायात चपला घालून.

"पोरी, वाघ मोकळा फिरून राह्यला अन् मी इथी कोंडून पडलो. मले गावी सोडून दे."

चहाच्या आधी हेच, जेवताना हेच, झोपताना हेच.

एकदा न सांगता निघाले आणि थेट बसस्टँडवर सापडले. त्या दिवसापासून मी दाराला आतून कुलूप लावू लागले. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, मी दिवसभर घरात. किल्ली माझ्याच जवळ, तरी मलाही बाहेर पडता येईना. आपल्याच बापावर पहारा करायचा म्हणजे काय, ते कोणावर येऊ नये.

शेवटी मॉलमध्ये नेलं. एसी असतो म्हणून, बाकी काही नाही. वरच्या मजल्यावर बोलिंग होतं. मीही कधी खेळले नव्हते.

बाबांनी लांबवर उभ्या असलेल्या दहा पिना बघितल्या. बॉल उचलून पाहिला.
"कोहळ्याएवढा जड हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एका बॉलात दाही पाडले तं मले गावी सोडशीन?"

मी म्हटलं, सोडेन. मला वाटलं, हे कसले पाडतात.

पहिला बॉल त्यांनी ताठ उभं राहून कमरेच्या उंचीवरून सोडला. धाडकन. सगळा मॉल वळून बघायला लागला.

काउंटरवरची ताई धावत आली. "काका, वाका ना थोडं. फेकू नका, जमिनीलगत सोडा."

बाबा वाकेनात. दुसरा बॉल, तसाच धाडकन. ताईचा चेहरा रडवेला.

मी चिडून म्हटलं, बाबा, वाका की, कंबर काय दुखते का?

ते हळूच म्हणाले, "पाठीमांगं कोणी नाई ना."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे रानात एकट्याने वाकायचं नसतं. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो. चार जण फुलं वेचत असतील तर एक जण पाठ करून राखण करतो. पार्बताकाकू त्या दिवशी एकट्याच गेल्या होत्या.

मॉलमध्ये वाघ कुठला? पण शरीराला कोण समजावणार.

मग मी त्यांच्या मागे, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. समोर पॉपकॉर्नचं दुकान. त्यावर नजर ठेवून म्हटलं, "बाबा, मी आहे. वाका."

आणि बाबा वाकले.

उन्हाळाभर आम्ही असेच खेळलो. ते लेनकडे तोंड करून, मी पॉपकॉर्नकडे. लोक बघायचे, बघू देत. मी त्यांचा एकही बॉल पाहिला नाही, सगळे ऐकले. लेनच्या कडेच्या नालीत गेलेला बॉल नुसता घरंगळत राहतो. एखादी पिन पडली तर टक्. बाबा हळूहळू शिकत गेले. चार पडायच्या, मग सहा, कधी सात.

जूनमध्ये एक दिवस असा आवाज झाला की ताईने टाळ्याच वाजवल्या. मी गर्रकन वळले.

नऊ आडव्या. उजव्या कोपऱ्यात एक उभी, डुगडुगत. मी मनातल्या मनात म्हणतेय, पड ग बाई. नाही पडली.

"एक ऱ्हायली," बाबा म्हणाले.

ताई म्हणाली, "काका, अजून एक बॉल आहे तुमचा. टाका."

"ऱ्हाऊ दे." ते बाकावर बसले आणि तिथले भाड्याचे जोडे सोडायला लागले. "चाल पोरी, घरी जाऊ. बातम्या लागतीन आता."

घरी.

फ्लॅटवर आल्यावर त्यांनी चपला काढल्या, रॅकमध्ये नीट ठेवल्या आणि टीव्हीसमोर बसले. कितीतरी दिवसांत त्यांनी गावाचं नाव काढलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दार उघडं होतं. मी कुलूप लावायला विसरले होते. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला एवढी भीती कशाचीच वाटली नव्हती. पार्बताकाकूंची बातमी आली तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाडीत बसवलं. मूलचा रस्ता लागला तसे ते सावरून बसले.
"मी तं हरलो होतो ना?"
"हो."
"मंग?"
"मंग काही नाही. पट्टा लावा."

पावसाळा त्यांनी गावी काढला. शेजारचा विठ्ठल रात्री ओसरीवर झोपायला यायचा. धानाचा रोवणा त्यांनी बांधावर उभं राहून पाहिला, लावणी करणाऱ्या बायांना नको तितक्या सूचना दिल्या, शिव्याही खाल्ल्या. वाघ अजून पकडलेला नाही.

मघाशी दादा फोनवर रडत होता. "काऊन नेलं तू त्यायले?"

दादा, बाबांनी "गावी सोड" म्हणणं सोडलं होतं. म्हणून नेलं.

अंत्यविधी दुपारी, गावीच. येणाऱ्यांनी चारचौघांनी मिळून या आणि उजेड असेपर्यंत परत निघा.

बाबा, भरल्या मनाने तुम्हाला निरोप.